दमखेडे हॉल्ट

आमच्या ऑनलाइन ग्रुपच्या अ‍ॅडमिनसाहेबांनी मला तसं सोपं काम दिलं होतं. "ताई, ट्रेन सिम्युलेटरवर पहिल्यांदाच काल्पनिक मार्ग बांधायला घेणाऱ्या पोरांसाठी काहीतरी लिहा. तुम्ही स्वतः शून्यापासून शिकलात, तुमचं त्यांना पटेल." मी हो म्हटलं आणि लिहायला बसले. रूळ झाले, चढ झाले, वळणं झाली... आणि स्टेशनांपाशी येऊन अडकले. माझ्या मार्गावर एक हॉल्ट आहे, म्हणजे छोटासा थांबा. तो तिथं का आहे हे न सांगता पुढचं लिहिणं म्हणजे तुम्हाला फसवणं. म्हणून सल्ला आणि हकीकत एकत्रच देते, ज्याला जे हवं ते त्याने घ्यावं.

मी शहाद्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. लिंबू-मिरची, उतारा, अमावस्या यातलं काहीही मी मानत नाही, पूर्वीही मानलं नाही आणि आजही मानत नाही. वर्गात कुणी भुताची गोष्ट काढली की मी त्यालाच उभं करते आणि विचारते, "भुताला वजन आहे का? मग जिना वाजला कसा?" सगळा वर्ग हसतो. तर असल्या बाईकडून तुम्ही हे ऐकताय, एवढं फक्त लक्षात असू द्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते — सिम्युलेटर म्हणजे कॉम्प्युटरवर आगगाडी चालवायची. आमचे हे त्याला 'खेळ' म्हटलं की फुरंगटून बसायचे. त्यात एडिटर असतो, त्यात आपली आपण रेल्वेलाइन बांधता येते. खरी आहे तशी बांधा, नाहीतर नसलेली बांधा. नसलेली बांधली की तो काल्पनिक मार्ग. 'हे' म्हणजे माझे मिस्टर, मनोहर. ग्रुपवरचे जुने लोक त्यांना ओळखतात, ती फाटक्या पानांची केळीची झाडं त्यांनीच बनवलेली. परदेशी लायब्ररीत पाईनची झाडं मिळतात, नारळ मिळतो, पण केळी मिळत नाही. आणि तापीकाठी केळीशिवाय शेत दाखवणार कसं? म्हणून बांधावर उभं राहून फोटो काढून काढून त्यांनी एकेक पान तयार केलं. मी म्हणायचे, "एवढी मेहनत खऱ्या केळीत केली असती तर?"

आमचं घर ब्राह्मणपुरीला, माझं माहेर खांडबारा. जिल्हा एकच, पण माहेरी जायचं म्हणजे ब्राह्मणपुरीहून शहाद्याला एक एसटी, शहाद्याहून नंदुरबारला दुसरी, आणि मग तिथून रेल्वे. आमच्या शहाद्याकडे रेल्वेच नाही. खांडबाऱ्याला मात्र आमच्या घराच्या मागेच स्टेशन. हे मला बघायला आले होते तेव्हा नेमकी मालगाडी निघाली, आणि मी पोह्यांची ताटली घेऊन उभी राहिले तर यांचं तोंड खिडकीकडे. डबे मोजत होते! माझे काका आत येऊन आमच्या अहिराणीत म्हणाले, "पोऱ्या चांगला शे, पण त्याले पोरगी पसंत पडनी का गाडी, ते काही समजनं नही."

लग्नानंतर दर दिवाळीला माझ्या बॅगा उचलून गाड्या बदलताना यांचं एकच पालुपद असायचं — "दम खाय जरासा. तुन्हा माहेरले एक दिन थेट गाडी लई जास." आमच्याकडे दम खाय म्हणजे थांब जरा, टेक जरा. यांच्या तोंडी दिवसातून दहा वेळा हेच. चहा उकळतोय, दम खाय. मोटार पाणी उचलत नाही, दम खाऊ दे तिला. पतपेढीत नोकरी करून घरची शेती बघणारा माणूस, पण घाई म्हणून कधी केली नाही. मी घाईची, ते असे. आमचं भांडण झालं तर यावरूनच व्हायचं.

सरकारने काही लाइन टाकली नाही, म्हणून मग यांनीच टाकायला घेतली. खांडबारा, नंदुरबार, तिथून नवी लाइन तापीवर प्रकाशाला, पुढे शहादा आणि शेवट ब्राह्मणपुरी. सुरुवात खांडबाऱ्याकडून केली. "तुन्हा माहेरपाईन चालू करी ऱ्हायनू, म्हणजे तू कुरकुर करावनी नही," म्हणाले.

तर नव्या लोकांना पहिला सल्ला तोच. जे गाव पायाखालचं आहे तिथून सुरुवात करा. लाइन काल्पनिक असली तरी जमीन खरी घ्या. उपग्रहाने मोजलेले जमिनीचे चढउतार एडिटरमध्ये ओढून घेता येतात, अगदी नाले आणि टेकाडंसुद्धा जागच्या जागी येतात. म्हणजे आपल्या मार्गावर कुठेही बोट ठेवलं तर ते ठिकाण खरोखर जगात असतं, फक्त तिथं रूळ नसतात. ही गोष्ट पुढे लागणार आहे.

दुसरं म्हणजे नावं. काल्पनिक स्टेशनाला मनाला येईल ते नाव देऊ नका, आसपासच्या गावांच्या नावांकडे कान ठेवा. यांनी एक नाव शोधलं होतं, 'दमखेडे'. म्हणायचे, "प्रत्येक लाइनवर असं एक स्टेशन असतं बघ, जिथं कुणी चढत नाही, कुणी उतरत नाही. गाडी उगाच थांबते आणि दम खाते. ते मला आपल्या लाइनवर हवंय." मी म्हणायचे, "पॅसेंजर नाही तिथं थांबा कशाला? मला माहेरी पोहोचायचंय." ते हसायचे. दमखेडे कुठं करायचं ते शेवटपर्यंत ठरलं नाही.

मागच्या दिवाळीत मी भाऊबीजेला खांडबाऱ्याला गेले. परतीच्या दिवशी सकाळच्या गाडीने नंदुरबारला उतरले. हे मोटरसायकल घेऊन स्टेशनवर न्यायला येणार होते, बॅगा जास्त होत्या म्हणून. मी बाकड्यावर बसून राहिले. फोन वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. गाडी चालवत असतील, असं धरून चालले. मग फोन उचलला तो दवाखान्यातल्या एका माणसाने.

छातीत कळ आली होती. शहाद्यावरून पुढं निघालेल्या कुठल्याशा पिकअपवाल्याने यांना आणि मोटरसायकलीला, दोघांनाही मागे घालून दवाखान्यात आणलं. तोपर्यंत सगळं संपलं होतं. पिकअपवाला केळी भरायला लांब चालला होता, तो निघून गेला, त्याचा नंबर कुणी घेतला नाही. "शहादा सुटल्यावर रस्त्याच्या कडेला सापडले" — एवढंच तो बोलून गेला होता.

माझ्या सासूबाई, त्यांना मी मायच म्हणते, रडून रडून थकल्या की एकच विचारायच्या. "त्याले पाणी भेटनं व्हई का व?" आमच्याकडे माणूस जाताना तोंडात पाणी घालतात. ते मिळालं नाही तर मागच्यांच्या घशाखाली पाणी उतरत नाही, असं त्या म्हणत नव्हत्या, पण मी बघत होते ना. माय तांब्या तोंडाला लावायच्या आणि मध्येच खाली ठेवायच्या. मी विज्ञानाची बाई. मी म्हणायचे, "माय, असा झटका क्षणाचा असतो, त्यांना तहान लागलीच नसेल." म्हणायचे आणि न्हाणीत जाऊन रडायचे. कारण मलाही तेच हवं होतं. कुणी होतं का जवळ? की माझा माणूस त्या रस्त्यावर एकटाच गेला, शेजारून गाड्या जात असताना? हे कळल्याशिवाय मला जगता येईना, आणि कळायला काही मार्ग नव्हता.

कॉम्प्युटर किती तरी दिवस झाकून ठेवला होता. एकदा उघडला तर यांची लाइन तापीच्या अलीकडच्या काठावर येऊन थांबलेली. पुलाचा पहिला खांबही नव्हता. पलीकडे प्रकाशा, शहादा, ब्राह्मणपुरी, सगळी नुसती मोकळी जमीन. मी एडिटरला आयुष्यात हात लावला नव्हता. पण ठरवलं की ही गाडी दारापर्यंत आणायची.

माझ्या चुकांवरून ग्रुप किती हसलाय ते तुम्हाला आठवत असेल! पूल एवढा खाली बांधला की कुणीतरी लिहिलं, "ताई, पहिल्याच पुरात पॅसेंजर थेट गुजरातला." शहाद्याच्या बाहेर असा चढ दिला की इंजिन जागेवरच चाकं फिरवत बसलं. त्यावरून सांगते, आधी पूर्ण रूळ टाका, गाडी एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊ द्या, मगच झाडं-घरं. मी आधी ब्राह्मणपुरीतलं आमचं घर बांधलं, पुढचं अंगण, तुळस, यांची मोटरसायकलसुद्धा ठेवली, आणि मग कळलं की रूळ त्या अंगणातूनच जातायत. सगळं उचलून पुन्हा मांडलं. आणि झाडं एका रांगेत लावू नका हो, शाळेच्या कवायतीसारखी दिसतात!

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. तापीच्या पलीकडचं, प्रकाशापासून ब्राह्मणपुरीपर्यंतचं सगळं काम माझं. हे गेल्यानंतरचं. त्यातला एकही रूळ, एकही सिग्नल यांच्या हातचा नाही. केळीची झाडं तेवढी त्यांची, पण ती लावली मी.

लाइन पूर्ण झाली तो रविवार होता. दुपारी मायंना खुर्चीवर बसवलं, त्यांचा चष्मा पुसून दिला. ब्राह्मणपुरीहून खांडबाऱ्याला पहिली पॅसेंजर. गाडी कॉम्प्युटरच चालवत होता, मी प्रवाशाच्या खिडकीतून बघत होते. हाही सल्लाच समजा, आपला मार्ग इंजिनातून तपासू नका, डब्यात बसून तपासा. डब्यातून दिसतं ते खरं. शहादा आलं, गाडी थांबली, सुटली. माय म्हणाल्या, "आरे वा, ऊस बी दखास!" मला हसू आलं. किती तरी दिवसांनी आलं असेल.

मग प्रकाशाच्या अलीकडे गाडीचा वेग कमी व्हायला लागला. स्टेशन नाही, फाटक नाही, पुढचा सिग्नल हिरवा. दोन्हीकडे केळी. गाडी हळू हळू होत अगदी उभी राहिली. आवाज बंद. चहा गाळून होईल एवढा वेळ ती तशीच उभी. माय म्हणाल्या, "गाडी काबर थांबनी व?" मी म्हटलं, "काहीतरी चुकलं माझं." आणि तेवढ्यात गाडीने हॉर्न दिला आणि आपली आपण निघाली. तापीचा पूल ओलांडला, नंदुरबार, खांडबारा, सगळं व्यवस्थित.

पुन्हा चालवली, पुन्हा तिथंच थांबली. येताना, खांडबाऱ्याकडून, अजिबात थांबत नव्हती. जाताना मात्र थांबत होती. मी सिग्नल काढून टाकला, तरी थांबे. तिथले रूळ उचलून नवे टाकले, तरी थांबे. शेवटी सगळी फाइल अ‍ॅडमिनसाहेबांना पाठवली. ते पुण्याला सॉफ्टवेअरमध्येच आहेत. त्यांच्या मशीनवरही गाडी तिथंच थांबली. त्यांनी फाइल आतून उलगडून बघितली आणि मला फोन केला, "ताई, तिथं थांबा नाही, वेगमर्यादा नाही, काहीच नाही. गाडी का थांबतेय मला खरंच सांगता येत नाही." चेष्टेने त्यांनी पुढं म्हटलं, "दम खात असेल."

त्यांना आमच्या घरातलं काहीच माहीत नव्हतं, सहज बोलून गेले. मी फोन ठेवला आणि तडक एडिटर उघडला.

एडिटर प्रत्येक जागेचे अक्षांश-रेखांश दाखवतो. मी गाडी थांबते तिथले आकडे मोबाईलच्या नकाशात घातले. शहादा सोडल्यावर प्रकाशाच्या वाटेवर, रस्त्याला लागून एक शेत. सुट्टीच्या दिवशी सकाळी मायंना काही न सांगता स्कुटी काढली. वाटेत स्वतःलाच शिव्या घालत होते, की बाई, तू मुलांना काय शिकवतेस आणि स्वतः काय करतेस? वर्गातली पोरं बघतील तर काय म्हणतील?

तिथं रस्त्याच्या कडेला एक कडुनिंब होता, त्याच्या मागे मोटारीची खोली आणि मग केळी. निंबाखाली एक साठीची बाई पत्र्यावर मिरच्या पसरत होती. तिकडची शेतं गुजर लोकांची, घरात त्यांची बोली वेगळी, पण बाहेरच्याशी आमच्यासारखीच अहिराणी बोलतात. मला घुटमळताना बघून तिने, कुठं निघालीस म्हणून हाक दिली, "कथा जाणं शे, बहीण?"

मी विचारलं, "मावशी, मागली दिवाईले आठे एक माणूस गाडीवरथून पडना व्हता का?"

तिने हातातल्या मिरच्या खाली टाकल्या. "पडना नही," ती म्हणाली. "बठना व्हता."

मी तिथंच खाली बसले.

"त्यानी गाडी बराबर स्टँडवर लाई," ती सांगायला लागली. "आठे, या निंबना बुडले बठना. घामाघूम. मी इचारं, काय व्हयनं, भाऊ? तो म्हणे, काही नही माय, जरासा दम खाई लेस, मंग निंघस. मन्ही बाई टेशनवर वाट दखी ऱ्हायनी."

हा शब्द मी तिला सांगितला नव्हता.

"मंग मी पाणी दिन्हं," ती म्हणाली. "तांब्याभर पिना. म्हणे, तुन्हं पाणी गोड शे, माय. तांब्या मन्हा हातमा दिन्हा आनि डोया मिची लिन्हा. मले वाटनं दम खाई ऱ्हायना. मी त्यानं डोकं मन्हा मांडीवर लिन्हं, पदरघाई वारा घाली ऱ्हायनू. मंग मीच पिकपले हात दिन्हा."

मग हळूच तिनेच विचारलं, "मले कोणीच काही सांगं नही व, बहीण. रोज याद येस. वाचना का मंग तो भाऊ?"

मी 'नाही' म्हणून मान हलवली. ती उठून जवळ आली, आणि आम्ही दोघी त्या निंबाखाली एकमेकींना धरून रडलो. नंतर तिने त्याच मोटारीचं पाणी आणून दिलं. खरंच गोड आहे.

घरी आले तेव्हा माय ओट्यावर बसल्या होत्या. मी त्यांच्या पायाशी बसले आणि सांगितलं, "माय, पाणी भेटनं त्यास्ले. तांब्याभर. गोड लागनं म्हणे. आनि एकलं नव्हतं ऱ्हायेल, एक मायनी मांडीवर डोकं व्हतं." माय डोळे पुसत म्हणाल्या, "मंग खाऊ दे त्याले दम." त्या दिवशी त्यांनी तांब्या तोंडाला लावला तो पूर्ण संपवूनच खाली ठेवला.

मी डोकं खूप चालवलं. ती जागा मला आधी कुणी सांगितली असेल आणि मी विसरले असेन का? नाही, सांगणारा कुणी नव्हताच. योगायोग? शहाद्यापासून प्रकाशापर्यंत एवढा रस्ता, आणि गाडी नेमकी त्या निंबापाशी थांबावी, तीही हे निघाले होते त्याच दिशेने जाताना? आणि सॉफ्टवेअरमधली चूक म्हणाल, तर ती चूक आता कुठं गेली? कारण शेताहून परत आल्यावर मी पॅसेंजर पुन्हा चालवली. एक रूळ हलवला नव्हता, काहीच बदललं नव्हतं. गाडी केळीतून सरळ निघून गेली. पुन्हा चालवली, तरी तेच. अ‍ॅडमिनसाहेबांकडेही आता थांबत नाही. त्यांना विचारा, तेही डोकं खाजवतात.

मग मी तिथं हॉल्ट बांधला. एक छोटा फलाट, एक निंब, एक बाकडं, एक माठ. पाटीवर 'दमखेडे'. कुणी चढत नाही, कुणी उतरत नाही. नवीन लोकांनो, फुकटचे थांबे ठेवू नका असं मी आता तुम्हाला सांगणार नाही. ठेवा एखादा.

दमखेड्याला पॅसेंजर आता रोज थांबते, कारण मी तसं वेळापत्रकात घातलंय. पण कधी कधी दुपारी माय झोपल्या की मी तो हॉल्ट काढून टाकते, फलाट, पाटी, सगळं. आणि खिडकीत बसून गाडी सोडते. शहादा सुटतं, केळी येते, निंबाची जागा जवळ येते... मी श्वास धरून बसते, की एकदा, फक्त एकदाच, आपली आपण थांब. ती थांबत नाही. मी हॉल्ट पुन्हा होता तसा मांडून ठेवते.